अवर्षणाचा दोष कोणाच्या माथी?

एखाद्यावर संकट कोसळले म्हणजे ते त्याच्याच करणीचे फळ, असे म्हणून मोकळे होणे पाहणाऱ्याला फार सोयीचे असते. अशा निवाड्याची परीक्षा करावयाची तर आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस पसरलेल्या साहेल नामक पट्ट्याचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पर्जन्यमान घटू लागले. १९७२-७३ आणि १९८३-८४ या काळात तर गुरे मेली, माणसे मेली, उरलेली देशोधडीस लागली.

१९७५ साली ज्यूल चार्नी या हवामानशास्त्रज्ञाने एक उपपत्ती मांडली. गुरांनी गवत खाल्ले की उघडी पडलेली फिकट भूमी सूर्यप्रकाश अधिक परतवून लावते. त्यामुळे वरील हवा उष्णतेस मुकते, ती वर चढण्याऐवजी खाली उतरते व मेघ बनत नाहीत. पाऊस कमी, म्हणून गवत आणखी कमी. उपपत्ती सयुक्तिक होती. परंतु तिच्या आधारे 'पशुपालकांनी आपला पाऊस आपणच घालविला' असा जो निवाडा पुष्कळांनी केला, तो टिकला नाही. २००३ साली अलेस्सांद्रा जियानीनी प्रभृतींनी दाखविले की, या पर्जन्याच्या चढउतारांचे मुख्य कारण समुद्रपृष्ठाचे तापमान होय. उत्तर अटलांटिक महासागर थंडावण्यात युरोप-अमेरिकेतील कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराचाही वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आरोपी एक, आणि धूर दुसऱ्याचा!

मग पशुपालक सर्वथा निर्दोष काय? तसेही नाही. वनस्पती उणावली की अवर्षण लांबते व तीव्र होते, हे आजही ग्राह्य मानले जाते. मूळ कारण वेगळे, सहकारी कारण वेगळे. हा विवेक सुटला तेथे अन्याय घडला.

याहून कठीण शंका पुढे आहे. ज्याचा दोष अल्प, त्यानेच भूमी सावरण्याचे श्रम का करावेत? नायजर देशातील मारादी व झिंदर येथील शेतकरी या शंकेच्या समाधानाची वाट पाहत बसले नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी शेतातील जुन्या खुंटांना फुटणारे धुमारे छाटून टाकण्याचे सोडून जोपासण्यास आरंभ केला. सुमारे ५० लाख हेक्टर भूमीवर वृक्ष परतले. या श्रमाने धूर सोडणाऱ्यांचे ऋण मात्र फिटत नाही. ते त्यांच्याच खाती राहते. परतलेल्या वृक्षांत 'गाओ' नावाचा एक काटेरी वृक्ष आहे. तो पावसाळ्यात पाने गाळतो, म्हणून त्याखालील बाजरीस ऊन मिळते. आणि कोरड्या दिवसांत हिरवा राहून तो गुरांना पाला व शेंगा देतो.