राखून ठेवलेला हिस्सा

आमच्या पूर्णगडात तृतीयपंथी क्वचितच दिसतात. ते भेटतात मुंबईला जाताना, रेल्वेच्या डब्यात. टाळी वाजली की आम्ही खिशात हात घालतो आणि खिडकीबाहेर पाहतो.

गेल्या मे महिन्यात थॉमस वार्टमान यांचा 'बिटवीन द लाइन्स' (२००५) हा माहितीपट चार-पाच जणांनी मिळून पाहिला, तेव्हा त्यांच्याकडे प्रथमच नजर न चुकवता पाहिले. छायाचित्रकार अनिता खेमका त्यात मुंबईच्या हिजड्यांना भेटतात. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही त्यात आहेत.

नंतर ओट्यावर वाद झाला. एक चाचा म्हणाले, "अल्लाहने मर्द आणि औरत दोनच बनवले. हे तिसरं कुठनं आणलंत?" कुणी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल सांगू लागले. चाचांना त्याचे काय! मग आम्ही किताबांकडे वळलो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आपल्याच मसलकचे इमाम नववी तेराव्या शतकात लिहून गेले, की मुखन्नस दोन प्रकारचे: उपजतच बायकी वळणाचा, आणि मुद्दाम सोंग घेणारा. पहिल्यावर ना गुनाह, ना दोष. आणि ज्याचे शरीरच पुरुषाचे की स्त्रीचे हे ठरत नाही, त्या खुन्साला वारशातला निश्चित तेवढा हिस्सा आधी द्यायचा. वादातला भाग उलगडा होईपर्यंत राखून ठेवायचा. संशय आहे म्हणून इतरांनी वाटून खायचा नाही.

खुन्सा आणि माहितीपटातली माणसे एकच नव्हेत, हे कबूल. आलिमांत मतभेद राहतील. पण उपजत काय आणि सोंग काय, हे ओट्यावर बसून कुणी ठरवायचे? शंका असेल तर हिस्सा राखायचा, ही रीत जमिनीला चालते. घरातल्या जागेला, दस्तरखानावरच्या ताटाला का चालू नये?

बोलता बोलता आमचीच जीभ अडखळली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावच्या शाळेत, सातवीत एक मुलगा होता. ओढणी सावरावी तशी मान वळवायचा. मुले त्याला 'बायल्या' म्हणत. एकदा हजेरी घेताना आम्ही त्याच्या आवाजाची नक्कल केली. वर्ग हसला. तोही हसला. सुट्टीनंतर तो आलाच नाही. आम्ही महिनाभर गैरहजेरी मांडली आणि मग पटावरून नाव कमी केले. बी.एड.ला बालमानसशास्त्रात आम्हांला चांगले गुण होते!

हे सारे ओट्यावर सांगून टाकले. चाचा बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, "सर, तो पोरगा सध्या कुठं असतो?"

आम्हांला माहीत नव्हते.