अनध्याय आणि अध्यापनदिवस

महाविद्यालयाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत सत्रारंभ, परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्या तारखा असतात. परंतु कोणता काळ विद्येचा आणि कोणता नाही, हा तिच्यामागचा प्रश्न धर्मशास्त्राने फार पूर्वीच हाताळलेला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायानुसार वेदाध्ययनाचे वर्ष श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेला उपाकर्माने, म्हणजे अध्ययनारंभाच्या विधीने, सुरू होते, साडेचार महिने चालते आणि पौषात किंवा माघ शुद्ध प्रतिपदेला उत्सर्जनाने, म्हणजे समापनाच्या विधीने, थांबते. त्यापुढे शुक्लपक्षात वेद आणि कृष्णपक्षात व्याकरणादी वेदांगे, अशी वाटणी आहे. या चौकटीत अनध्यायाचे, म्हणजे अध्ययन वर्ज्य असलेल्या काळाचे, नियम बसवलेले आहेत: अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी, मेघगर्जना, धुळीचे वादळ, इतकेच काय, सामगान कानी पडत असता ऋग्वेद-यजुर्वेदही म्हणायचे नाहीत. (शूद्राच्या सान्निध्यात पठण नको, हाही नियम तेथेच आहे, विद्येच्या वेळापत्रकात विद्येची बंदी किती सहज शिरते, याचा तो पुरावा होय.)

मात्र हा अनध्याय सरसकट नाही. नित्य स्वाध्यायाला तो लागत नाही, असे मनुस्मृतीच सांगते. आपस्तंब धर्मसूत्र तो विद्याग्रहणापुरता मानते, कर्मातील मंत्रांना लावत नाही. शतपथ ब्राह्मण तर वारा सुटला, वीज चमकली तरी स्वाध्याय सोडू नये, असे म्हणते. खंड पडतो तो नव्या पाठाला, घेतलेला पाठ घोळवण्याला नव्हे. पतंजलीने महाभाष्यात विद्येचे चार काळ सांगितले आहेत: गुरूकडून घेण्याचा आगमकाल, आवृत्तीचा स्वाध्यायकाल, शिकवण्याचा प्रवचनकाल आणि प्रत्यक्ष उपयोगाचा व्यवहारकाल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत वर्षाला किमान 180 अध्यापनदिवस, म्हणजे सहा दिवसांचे 30 आठवडे, अपेक्षित आहेत. ही मोजदाद आगमकालाची आणि प्रवचनकालाची आहे. उरलेले दिवस तिच्या लेखी केवळ सुट्टी. प्रशासनाला दिवस मोजावेच लागतात, त्यात वावगे काही नाही. पण मोजता येतो तेवढाच काळ विद्येचा, असे एकदा धरून चालले की बुडालेला तास रविवारी जादा तास घेऊन भरून निघतो, स्वाध्यायाचा काळ मात्र बुडाला हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. परीक्षेपूर्वीची अभ्यासाची रजा ही त्या काळाची दिनदर्शिकेतील जवळजवळ एकमेव अधिकृत नोंद, आणि सत्र लांबले की पहिली कात्री तिलाच लागते.