अंगणवाडीची ताई किती शिकलेली हवी?

ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची ही प्रमुख १९२३ च्या सुमारास खुर्ची सोडून भावनगरला गेली आणि वकिली सोडून बालमंदिर काढलेल्या गिजुभाई बधेकांकडे तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये कसं वावरायचं हे शिकू लागली. आपल्या सगळ्या पदव्या या एका कामाला पुऱ्या पडत नाहीत, हे ताराबाईंना कळलं होतं. शंभर वर्षं झाली, सरकारला आणि पालकांना ते अजून धड पटलेलं नाही.

पटणार कसं? लहान मूल सांभाळायला बाईमाणूस असलं की झालं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. घरात आजी असे, आत्या असे, नाहीतर सात वर्षांची थोरली बहीण कडेवर धाकट्याला घेऊन हिंडत असे. जे काम घरोघरी फुकट होतं, त्याला पात्रता कोण विचारणार? युरोपातही निराळं काही नव्हतं. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये बालोद्यान काढलं आणि पुढे त्यासाठी बायकांना मुद्दाम शिकवायला घेतलं, तेव्हा लोकांना ते खूळच वाटलं असणार. मारिया माँटेसरी तर डॉक्टर. तिने १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह चालवलं आणि प्रौढाचं पहिलं काम मूल नीट पाहणं आहे, हे ठासून सांगितलं. हात कधी पुढे करायचा आणि कधी मागे ठेवायचा, हे शिकावं लागतं.

माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला अभ्यासक्रम घ्यायला आल्या. युद्ध पेटलं, इटलीच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधनं आली आणि मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्या काळात हजारावर शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. शहरी मध्यमवर्गात ‘माँटेसरी ट्रेंड’ ही पदवी रुजली ती तेव्हापासून. मात्र तिला इंग्रजी लागे, फी लागे आणि लाकडी साधनांचा महागडा संच लागे.

ताराबाईंनी इथेच वेगळी वाट धरली. दादरच्या शिशुविहारात त्यांचं बस्तान चांगलं बसलं होतं. तरी १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबादच्या टेकडीवर. वारली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ. मोजायला शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. गुरं राखणाऱ्या थोरल्या मुलांसाठी कुरणातच शाळा.

त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेल्या, शिकत शिकत शिक्षिका झालेल्या. पदवी त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर घेतली. म्हणजे भारतातल्या बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोग उभा करणारी ही बाई आजच्या भरतीच्या अर्जात ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात कितीतरी काळ मागे पडली असती. पण अनुताईंच्या उदाहरणावरून शिक्षणाची गरजच नाही असं कुणी म्हणू लागलं, तर ते सोयीचं अर्धसत्य होईल. त्या सतत शिकत होत्या, ताराबाईंच्या शेजारी बसून, रोज, मुलांच्या गराड्यात. कोसबादला पात्रता मिळायची ती अशी.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिने कोसबादकडून अंगण घेतलं, गावचीच बाई घेतली. शेजारी बसून शिकवणारं माणूस मात्र घेतलं नाही. एका सेविकेच्या पदरात सहा सेवा पडल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि उरलेल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण. पात्रता म्हणून दहावीची अपेक्षा, दुर्गम आणि आदिवासी भागात तीही सैल. सुरुवातीला काही महिन्यांचं असलेलं प्रशिक्षण पुढे आक्रसत सव्वीस कामकाजी दिवसांवर आलं. ती मानसेवी कार्यकर्ती आहे, नोकर नाही, हे गृहीतच होतं. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ च्या अखेरीस अमीरबी प्रकरणात अंगणवाडी सेविकेचं पद हे नागरी पद नाही, असं सांगितलं.

कायद्याची गंमत पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ होतं. पाळणाघर बालकांच्या संगोपनाचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांच्या ताब्यात असावं, असं ते सांगत असे. ते प्रशिक्षण कसलं आणि किती दिवसांचं, हे ते कलम सांगत नसे. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. त्याने शिक्षकांची पात्रता काटेकोर ठरवली, पण सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल त्यात एकच कलम, तेही शासनाने ‘व्यवस्था करता येईल’ या थाटाचं. खासगी प्ले-ग्रुपसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे निकष कागदावर होते. प्रत्यक्षात ‘टीचर’ कोण, हे संस्थाचालकाने ठरवायचं. सोसायटीतली इंग्रजी बरं बोलणारी वहिनी असेल तर उत्तमच!

मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना वर्षभराची पदविका, काम चालू ठेवून, महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग. कागदावर इतकी शहाणी तरतूद याआधी झाली नव्हती. काही राज्यांत असे अभ्यासक्रम सुरूही झाले. पण ‘पोषण भी पढाई भी’ या नावाने देशभरच्या सेविकांसाठी जे आखलं गेलं, ते तीन दिवसांचं प्रशिक्षण.

२०२२ हे वर्ष तर मोठं बोलकं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया प्रकरणात सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला. त्या अन्नसुरक्षा आणि शिक्षणहक्क कायद्याखालची कामं करतात, हे न्यायालयाने नोंदवलं. ऑगस्टमध्ये केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि सेविकेची किमान पात्रता बारावी झाली. महाराष्ट्रात पुढच्या वर्षी सेविकेचं मानधन दहा हजार रुपये झालं, तेही संपानंतर. डिसेंबर २०२३ मध्ये बायका पुन्हा संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस बसून राहिल्या. अट आधी चढली, पैसा मागून रखडत आला.

बारावीच्या अटीला माझा विरोध नाही. गावोगावच्या मुली आता बारावी होतात. त्यातच सेविकेच्या हाती सरकारने पोषण ट्रॅकर हे फोनवरचं अ‍ॅप दिलं आहे. ते सुरुवातीला इंग्रजीत होतं आणि फोनही असे निकृष्ट, की २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते चळवळ करून परत केले. शिवाय गरिबाच्या मुलाला कमी शिकलेली ताई चालते, या म्हणण्यात उघड अपमान आहे. आपल्या मुलाच्या नर्सरीत आपण तसं चालवून घेत नाही. पण दुसऱ्या बाजूला मदतनीस आहे. दहा-पंधरा वर्षं खिचडी रांधणारी, मुलांची शी-शू काढणारी, कोणतं पोर कोणत्या घरातून उपाशी येतं हे ठाऊक असलेली. तिची बारावी नसेल तर सेविका होण्याची वाट बंद. बहुधा ती दलित, आदिवासी किंवा एकटी बाई असते. अट सर्वांना सारखी, पण तिची किंमत मोजायला लागते ती हिला.

बारावीच्या गुणपत्रिकेत काय दिसत नाही, ते जून महिन्यात कोणत्याही अंगणवाडीच्या दारात उभं राहून पाहावं. अडीच-तीन वर्षांचं पोर आईच्या पदराला घट्ट धरून रडत असतं. कच्ची सेविका आईला म्हणते, “तुम्ही जा बाई, रडून रडून गप्प होईल.” मुरलेली सेविका आईला आत उंबऱ्याशी बसवते. पोराकडे बघतही नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून वाल आणि वाटाणे एका ताटात ओतते, दोन वाट्या ठेवते आणि स्वतःच निवडायला लागते. मुद्दाम एक वाल वाटाण्यात टाकते. थोड्या वेळाने एक चिमुकला हात पुढे येतो आणि चुकलेला वाल उचलतो. आता आई गुपचूप उठली, तर त्या पोराला कळणारही नाही. पण सेविकेने आईला ‘न सांगता जाऊ नका, टाटा करून जा’ हे बजावलेलं असतं. चोरून गेलेल्या आईची मुलं दुसऱ्या दिवशी दुप्पट रडतात, हे तिला माहीत असतं.

याची परीक्षा तीन तासांच्या पेपरात कशी घेणार? ती मुलांच्या खोलीतच घ्यावी लागेल. जाणत्या पर्यवेक्षिकेने कोपऱ्यात बसून, वर्षातून अनेकदा. त्यासाठी पर्यवेक्षिकेकडे इतक्या अंगणवाड्या असून चालणार नाही, की तिची भेट म्हणजे वह्यांवर सह्या. सेविका वर्गाला गेली की तिची मुलं कोण बघणार, याची सोय हवी. आणि प्रमाणपत्र मिळालं की मानधनात ठळक वाढ हवी, नाहीतर शिकलेली मुलगी वर्षभरात दुसरी नोकरी शोधणारच आणि तिला दोष देता येणार नाही. मदतनिसांच्या वर्षांना गुण देऊन त्यांनाही याच वाटेने वर आणता येईल. हे सगळं खर्चिक आहे. बारावीची अट घालायला मात्र एक शासन निर्णय पुरतो, म्हणून ती आधी येते.

खासगी पाळणाघरांत तर तीही नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं चित्रीकरण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मग बोलणं झालं ते कॅमेऱ्यांचं आणि पोलिस पडताळणीचं. त्या बायकांना कुणी काही शिकवलं होतं का, एका बाईकडे किती बाळं होती, हे प्रश्न फारसे ऐकू आले नाहीत. कॅमेरा मारहाण दाखवेल, पण रडणाऱ्या बाळाला कडेवर कसं घ्यावं हे तो कुणाला शिकवणार नाही.

तेव्हा मुलाला पाळणाघरात घालणाऱ्या आईबापांनी कॅमेऱ्यांची संख्या विचारून थांबू नये. एका ताईकडे किती मुलं, ती कुठे आणि किती दिवस शिकली, तिच्यावर लक्ष ठेवणारं जाणतं माणूस कोण, हे विचारावं. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं दिसलं, तर ते ज्या बाईचं आहे तिला महिन्याला हातात किती पडतात, हेही विचारावं. आणि उत्तर ऐकून फी जरा जास्त द्यावी लागली, तर कुरकुर करू नये.