वर्गणीच्या पलीकडचं मागणं

समोर बसून ऐकलेल्या गाण्यावर माझा जीव पोसला गेला आहे. वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग, गावोगावची खंजिरी भजनं, मंडईच्या जत्रेत रात्री होणारी दंडार, आणि वरोऱ्याच्या आनंदवनातला ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. ऑर्गन-तबलेवाले रंगमंचाच्या पुढ्यात बसतात. मी आयुष्यभर त्यांच्या शेजारची जागा धरत आलो. नट नीट दिसला नाही तरी चालेल, ऑर्गनवाल्याची बोटं दिसली पाहिजेत.

याच हंगामात आम्ही काही जण कॅन्सरच्या रोग्यांसाठी पैसा गोळा करतो. कधी प्रयोगाच्या उत्पन्नातला वाटा, कधी भजनसंध्येची झोळी. हा पैसा औषधाला कमी आणि वाटेला जास्त लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बऱ्याच उपचारांचा खर्च सरकार उचलतं. पण तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशनचे शेक द्यायचे तर आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे लागतात. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांच्या पुढे. रोज जाऊन-येऊन होण्यासारखी ती वाट नाही, तिथेच राहावं लागतं. रोग्यासोबत घरचं एक माणूस अडकतं, त्याची मजुरी बुडते, मागे धान कापायला कोणी नसतं. मध्येच उपचार सोडून परतणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना जगायचं नव्हतं असं नाही, जवळचे पैसे संपले होते.

हे काम मी कोणासाठी करतो, हा प्रश्न आता वयाच्या या टप्प्यावर मला टाळता येत नाही. खरं उत्तर असं की आधी गाणं आलं, रोगी मागाहून आला. चांगला गायक गावात आणायला एक भलं निमित्त मिळालं, याचा मला आनंद व्हायचा, आजही होतो. यात पाप आहे असं मला वाटत नाही. स्वरानंदवनाच्या कार्यक्रमाला मी पहिल्यांदा गेलो तो दयेपोटी नव्हे, गाण्याच्या ओढीनेच. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलावंत डॉ. विकास आमट्यांनी तिथे एकत्र आणले. ते ज्या ताकदीने गातात-वाजवतात, त्यापुढे दया टिकतच नाही. ऐकणारा ऐकत राहतो आणि मग आपसूक खिशात हात घालतो. सुरातून सुटलेला पैसा हलका नसतो, असं माझं ठाम मत आहे.

मनाला टोचतं ते वेगळंच.

तुकडोजी महाराज आमच्या भागाने फार जवळून पाहिले. चिमूरजवळच्या रामदेगीच्या रानात त्यांनी साधना केली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, तेव्हा त्यांच्या भजनांनी लोक उठले म्हणून इंग्रज सरकारने त्यांना चंद्रपुरात अटक केली. 11 ऑक्टोबर 1968 रोजी ते गेले, कॅन्सरने. नागपुरात मानेवाडा रस्त्यावरचं कॅन्सर रुग्णालय आज त्यांच्या नावाने उभं आहे, आमचे कितीतरी रोगी तिथेच जातात. महाराजांची खंजिरी वाजली की हजारोंचा समुदाय डोलायचा, पण ते तिथे थांबत नसत. दारू सोडा, शिवाशिव सोडा, गाव झाडा, असं समोरच्या माणसाकडे मागायचे. ऐकणाऱ्याने आपल्या जगण्यातलं काहीतरी सोडावं, एवढा त्यांच्या भजनाचा अधिकार होता.

आम्ही फक्त पैसे मागतो. मंडपात बसलेल्या माणसाच्या गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे पाहुणचाराचा भाग आहे. “घ्या न जी” म्हणून पुढे केलेली पुडी नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर हाताने घोटला जातो आणि चालतच राहतो. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी जातात; खर्रा खाणाऱ्या कित्येकांच्या तोंडात दोनही जात नाहीत. तोंड न उघडणारा माणूस वरचा सा कसा लावणार? एके काळी खुल्या गळ्याने गाणारे आवाज असे आखडलेले मी ऐकले आहेत. खर्रा सोडा म्हणायला गाण्यावर प्रेम करणाऱ्याला याहून जवळचं कारण कुठलं हवं?

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने मुक्तिपथ अभियानातून दारूबरोबर तंबाखू-खर्ऱ्याविरुद्धही गावोगाव काम केलं. ते पाहताना मला समजलं की वर्गणी मागणं सोपं आणि सवय मागणं अवघड. शंभर रुपये देणारा माणूस मोकळा होतो, मीही मोकळा होतो. खर्रा सोड म्हटलं की नातं पणाला लागतं.

हिशेबाच्या बाबतीत मात्र आम्ही काटेकोर आहोत. 1971 मध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी केलेला कार्यक्रम जगभर गाजला, पण करसवलतीची कागदपत्रं आधी न केल्यामुळे त्यातला बराच पैसा वर्षानुवर्षं अडकून पडला. ती गोष्ट ऐकल्यापासून आमच्याकडे पावतीशिवाय रुपया हलत नाही. पण पावतीवर देणाऱ्याचं नाव येतं, पैसा कशातून आला ते येत नाही.

मंडपाच्या दाराशी ठेला लावणारा एक जण दरवर्षी आम्हाला सढळ हाताने देतो. त्याच्या घरात एक मरण याच रोगाने झालं आहे, म्हणून तो देतो. आणि त्याच रात्री तो पहाटेपर्यंत खर्रा घोटतो, कारण नाटकाच्या हंगामावर त्याचं वर्ष चालतं. त्याचा पैसा नाकारायचा मी विचार केला आणि सोडून दिला. त्याचं दुःख खोटं नाही, आणि त्याला झिडकारून माझे हात स्वच्छ दाखवणं हा निव्वळ अहंकार झाला असता. यंदा मी त्याच्या घरी जाऊन एवढंच म्हटलं की आपल्या कार्यक्रमाच्या रात्री ठेल्यावर चहा-चिवडा ठेव, खर्रा नको. तोटा आम्ही भरून देऊ. तो म्हणाला, “एका रातीचं देसाल जी, बाकीच्या रातींचं?”

बाकीच्या रात्री इतर मंडळांच्या असतात. त्यांच्या बैठकीला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. नाटकं ठरवणारी ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि बैठकीत बसल्यावर त्यांतला पहिला माणूस माझ्यापुढे पुडी धरणार आहे.