स्वस्त भाकरीचें देणें कोणीं द्यावें?

भुकेल्यास अन्न स्वस्त मिळावें, ह्याविषयीं वाचकांपैकीं कोणाचें दुमत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाद आहे तो पुढच्या गोष्टीविषयीं. अन्न स्वस्त ठेवावयाचें तर त्याचा भार कोणावर तरी पडतो. तो कोणीं वाहावा? आपल्या देशांतील शेतीचें व जनावरांचें पुढें काय होणार, अशी चर्चा हल्लीं जिकडे तिकडे चालते, व तींत पाऊस, बियाणें आणि यंत्रें ह्यांजविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु आमच्या मतें ह्या सर्वांच्या मुळाशीं वरील प्रश्न आहे, आणि तो हिशेबाचा जितका आहे तितकाच नीतीचाहि आहे.

प्रथम शेतकरी म्हणजे कोण, हें नीट पाहिलें पाहिजे. १९७०-७१ सालीं आपल्या देशांत एका खातेदाराची जमीन सरासरी २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.०८ हेक्टर, म्हणजे अडीच एकरांहून किंचित् अधिक भरली. भावाभावांत वांटण्या होत गेल्या, बांध वाढत गेले आणि शेतें आंखडलीं. पुढें सरकारनें २०१८-१९ सालचें शेतकरी कुटुंबाचें उत्पन्न पाहिलें, तेव्हां तें दरमहा सरासरी १०,२१८ रुपये निघालें. त्यांत पिकांपासून ३,७९८ रुपये, जनावरांपासून १,५८२ रुपये, आणि मजुरी व पगार ह्यांपासून ४,०६३ रुपये. हे आंकडे वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावे. ज्यास आपण शेतकरी म्हणतों त्यास स्वतःच्या पिकापेक्षां दुसऱ्याच्या कामावर अधिक मिळतें. एकच घर कांदा विकतें आणि ज्वारी विकत घेतें. म्हणून शेतकऱ्याचें हित एका पारड्यांत व गरिबाचें हित दुसऱ्या पारड्यांत अशी जी मांडणी शहरांत नेहमीं केली जाते ती आम्हांस खरी वाटत नाहीं.

आतां अन्न स्वस्त करण्याचे दोन मार्ग पाहूं. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें देशांतील सुमारें ८१ कोटि लोकांस शिधापत्रिकेवर धान्य मिळतें, व १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य आहे. त्यासाठीं सरकार ठरलेल्या भावानें गहूं व तांदूळ विकत घेतें, आणि तूट तिजोरींतून भरून काढतें. ह्या व्यवस्थेंत दोष नाहींत असें नाहीं. पण भुकेल्याचें ओझें सर्व देश मिळून उचलतो, ही गोष्ट न्यायाची आहे.

दुसरा मार्ग कांद्याचा. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० जकात बसली, आणि ८ डिसेंबर रोजीं निर्यातच बंद झाली. तो हंगाम लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळींत चार महिने राहतो, पण लाल कांदा टिकत नाहीं. तो काढला कीं विकलाच पाहिजे. नाशिक जिल्ह्यांत ज्यांचीं वाहनें त्या दिवसांत लासलगांवच्या बाजारांत उभीं होतीं, त्यांस माल परत नेण्याची सोय नव्हती. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, परंतु निर्यातीवर शेंकडा ४० जकात होती. सप्टेंबरांत ती निम्मी झाली व १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेली. ह्या बंदीनें व जकातीनें शहरास जी सवलत मिळाली तिच्यासाठीं तिजोरीस खर्च पडला नाहीं. ती सवलत दोन-अडीच एकरवाल्याच्या खिशांतून गेली.

कोणी म्हणेल, शहरांतील हमालाच्या बायकोनें काय करावें? तिची अडचण खरी आहे, आणि ती हलकी लेखणारा मनुष्य आम्हांस निर्दय वाटेल. परंतु कांद्याचा भाव पाडला म्हणजे तो तिच्यासाठीं जितका पडतो तितकाच बंगल्यांत राहणाऱ्यासाठींहि पडतो. तिला मदत करावयाची तर तिच्या हातीं मदत द्यावी. एका गरिबाची टोपली रिकामी करून दुसऱ्या गरिबाची आणि त्याबरोबर श्रीमंताचीहि भरणें, ह्यास दया म्हणतां येत नाहीं.

योसेफाच्या कोठारांची गोष्ट आपण लहान मुलांस मोठ्या हौसेनें सांगतों, पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायाशीं क्वचितच थांबतों. सुकाळांत पांचवा हिस्सा सांठविला म्हणून मिसर देश वांचला, हें खरें. परंतु दुष्काळांत तेंच धान्य शेतकऱ्यांस विकत घ्यावें लागलें: आधीं पैसा गेला, मग जनावरें गेलीं, शेवटीं जमीन गेली. लोक जगले, पण फारोचीं कुळें होऊन जगले.

जनावरें आधीं जातात, जमीन मागून, हें आपल्याकडील दुष्काळांतहि पाहावयास मिळतें. दावणीचा बैल ही शेतकऱ्याची ठेव असे. तो थकला कीं विकावा व त्यांत थोडी भर घालून नवा घ्यावा अशी जुनी रीत होती. महाराष्ट्रांत गाईंच्या कत्तलीस बंदी पूर्वींपासून होती, ती २०१५ सालीं बैलांसहि लागू झाली. पुष्कळांच्या मनांत ह्या जनावरांविषयीं जी पूज्यबुद्धि आहे तिच्याशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. आमचें विचारणें एवढेंच कीं, थकल्या बैलाची वैरण कोणीं घालावी? सप्टेंबर २०२४ मध्यें राज्य सरकारनें देशी गाई पाळणाऱ्या गोशाळांस दर गाईमागें रोज ५० रुपये देण्याचें ठरविलें. म्हणजे पोसण्यास पैसा लागतो हें मान्य झालें. पण गरिबाच्या गोठ्यांतील म्हाताऱ्या बैलाला त्यांतून कांहीं मिळत नाहीं. २०१२ पासून २०१९ पर्यंत देशांतील बैल व गोऱ्हे शेंकडा सुमारें ३० नें घटले, आणि गाई शेंकडा १८ नें वाढल्या. ट्रॅक्टर हें त्याचें मोठें कारण खरें, पण विकतां न येणारें जनावर बाळगण्याची भीतीहि त्यांत आहेच.

दुधाची गत कांद्यासारखीच. दूध उत्पन्न करण्यांत आपला देश जगांत पहिला आहे. २०२३-२४ सालीं तें सुमारें २४ कोटि टन झालें. तरी सकाळचें दूध संध्याकाळपर्यंत धरून ठेवण्याची शक्ति उत्पादकाजवळ नाहीं, म्हणून डेअरी जो भाव देईल तो घेणें भाग पडतें. सरकार आधारभाव जाहीर करतें तीं पिकें २२ आहेत. त्यांत कांदा नाहीं, आणि दुधाला तर असा आधारभावच नाहीं. ज्या मालाला टिकाव कमी त्यालाच आधारहि नाहीं.

आमच्या मंडळ्यांत पुष्कळजण बिनजमिनीचे आहेत. त्यांस वाटेल कीं, कांदा स्वस्त झाला तर आपलें काय बिघडलें? त्यांनीं काढणीच्या दिवसांकडे पाहावें. भाव पडला म्हणजे मालक काढणीचा खर्चहि निघत नाहीं असें म्हणून पिकांत मेंढरें सोडतो, किंवा नांगर घालतो. त्या दिवशीं कांदा कापावयास बोलावलेल्या बायका विळा घेऊन, हजेरी न मिळतां, घरीं परततात.