बाटलीतलं वर्ष

थंडीच्या दिवसांत पेपर उघडला की निफाडच्या तापमानाचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. राज्यातला नीचांक पुष्कळदा तिथलाच. द्राक्षबागाईतदाराला या थंडीची धास्ती असते. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची वाइनची द्राक्षबाग आहे. तिथल्या काळ्या द्राक्षाला मात्र रात्रीचा गारवा बेताचा असला तर हवाच असतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा मिळाला की सालीत रंग चढतो, आंबटपणाही टिकतो. नेरो द'आव्होला हा सिसिलीचा वेल या घराने गोदाकाठच्या मातीत रुजवला आणि ‘रेव्हेलो’ या नावाने त्याची लाल वाइन केली.

खायच्या द्राक्षासाठी नाशिककर जीव टाकतो तो मणी फुगवायला. विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचं डिपिंग, पुन्हा डिपिंग. टपोरा मणी, पातळ साल, बी अजिबात नको. लाल वाइनला नेमकं याच्या उलट लागतं. मणी लहान, साल जाड, आत बी. एकरी टनेज मुद्दाम कमी धरायचं आणि वेलीवरचे काही चांगले घडसुद्धा कापून खाली टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत रस दाटतो. घड वाचवण्यासाठी रात्री-अपरात्री डावणी रोगावरची फवारणी केलेल्या हातांनीच ते घड मातीत टाकायचे, याला मोठं धाडस लागतं.

काळं द्राक्ष पिळलं तरी रस जवळपास बिनरंगीच निघतो, कारण लाल रंग सगळा सालीत असतो. म्हणून रस साली-बियांसकट टाकीत आंबवतात. आंबताना सुटणाऱ्या वायूने साली वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगत राहतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर खराब होतो. ज्या सालीची खाताना अडचण वाटते, तिच्यासाठी इथे माणसं टाकीजवळ उभी असतात.

बागाईतदाराला वर्षं आठवतात ती नुकसानीनं. 2014 ची गारपीट, नोव्हेंबर 2023 ची गारपीट. चांगल्या हंगामाची आठवण उरत नाही. माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो, आठ-पंधरा दिवसांत खाऊन संपतो. वाइनच्या बाटलीवर मात्र द्राक्ष तोडलं ते वर्ष छापतात. त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीची छाटणी पाच वर्षांनीही चवीत सापडते. वाइन घ्यावी की न घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण शेतकऱ्याच्या एका वर्षाच्या कष्टाची इतकी दीर्घ नोंद ठेवणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

बाटलीवर वर्षाच्या जोडीला नावंही येतात. गंगापूर धरणाजवळ सावरगावला राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली. 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली आणि तिला नाव मिळालं ते आईचं, सुलभावरून सुला. पुढे दिंडोरीचं नावही त्यांच्या शिराज वाइनच्या बाटलीवर आलं.

स्वतःची वाइन करणं सगळ्यांना जमण्यासारखं नाही. एप्रिलात खरड छाटणी सुरू होते तेव्हा नुकत्याच सरलेल्या हंगामाची लाल वाइन टाकीत किंवा लाकडी पिंपात मुरत असते. पैसा तिथे अडकलेला आणि सोसायटीचा हप्ता मात्र दारात. म्हणून बहुतेक शेतकरी करार करून द्राक्ष वायनरीला घालतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. बाटलीतलं वर्ष त्यांच्याही घामाचं असतं. त्यांच्या गावांचं, मोहाडीचं, खेडगावचं, उगावचं नावही त्या वर्षाच्या शेजारी छापलं जावं, असं मला फार मनापासून वाटतं.