जमवलं की जमवून दिलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षीची गोष्ट. दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. गुरुवारची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि आम्ही चार-सहा जण सभामंडपातच टेकलो होतो. माझा पुतण्या जवळ येऊन बसला. तो बँकेत नोकरीला आहे. तबला चांगला वाजवतो, पण हल्ली त्याचा सूर निराशेचा असतो. म्हणाला, "काका, सकाळी नऊला घर सोडतो, रात्री आठला येतो. तबल्यावरचं कापड महिनामहिना निघत नाही. तुम्ही तर छत्तीस वर्षं नोकरी केलीत, आणि पेटीही सोडली नाहीत. कसं जमवलंत?"

असा प्रश्न कुणी विचारला की म्हातारा माणूस खुलतो. मीही खुललो. पहाटे उठून रियाज कसा करायचो, ऑफिसातून परस्पर तालमीला कसा जायचो, भजनाच्या चाली चालता चालता कशा सुचायच्या, असं सगळं सांगायला लागलो. पलीकडे आमची मंडळी वाती वळत बसली होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "ह्यांनी जमवलं कुठे? जमवून दिलं म्हणून जमलं."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य माझ्या बरोबर आलं, आणि वर्ष झालं तरी गेलेलं नाही. म्हणून या अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगितलं गेलं तेव्हा ठरवलं, याच्यावरच लिहायचं. पोटासाठी नोकरी करणाऱ्या माणसाने आपल्या आवडीच्या कलेसाठी वेळ काढावा का, आणि काढला तर तो कुणाच्या वाट्यातून काढतो?

आपल्या संप्रदायात या प्रश्नाचं मोठं उदाहरण आहे ते देवगिरीचं. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. म्हणजे नोकरदारच, आणि नोकरीही साधी नव्हे. किल्ल्याची राखण, हिशेब, माणसं, वरून हुकूम. आणि तेच स्वामी दत्तप्रभूंचे एकनिष्ठ उपासक. नोकरी सोडून ते रानात गेले नाहीत. गुरुवार हा दत्ताचा वार म्हणून त्या दिवशी किल्ल्यावर सुट्टी असे, असं परंपरेत सांगतात. म्हणजे त्यांनी आपल्या उपासनेसाठी वार ठरवून ठेवला होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता.

त्यांच्यापाशी पैठणहून लहान वयात आले ते एकनाथ. गुरूने त्यांच्याकडे हिशेबाचं काम दिलं. एका पैची चूक सापडत नव्हती म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, पहाटे ती सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, ही कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर तीच देवाकडे लाव, हा स्वामींचा उपदेशही आपल्याला पाठ आहे.

मी हिशेब विभागात नोकरी केली, त्यामुळे ही कथा ऐकताना मला नेहमी अभिमान वाटायचा. वाटायचं, आपल्याच खात्यातला माणूस! आता मात्र ती ऐकली की एक जुनी आठवण टोचते.

एका वर्षी आम्ही संगीत नाटक बसवत होतो. एका पदाला चाल लागत नव्हती. दिवसभर डोक्यात तेच. त्याच दिवसांत एका शिपायाच्या विधवेचे पेन्शनचे कागद माझ्या टेबलावर होते. मी बेरीज केली, सही केली, कागद पुढे गेले. बेरजेत एक ओळ राहून गेली होती. कागद परत आले. ती बाई संगमेश्वरच्या पुढच्या एका वाडीवरून एस.टी.ने दोनदा जादा आली, दोन दिवसांची मजुरी बुडवून. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "साहेब, माझंच काय चुकलं का?" चूक माझी होती. पद मात्र छान बसलं होतं. प्रयोगात त्याला वन्स मोअर मिळाला.

नाथांना पै सापडली आणि त्यांनी टाळी वाजवली. मला माझी पै सापडली तेव्हा मान खाली गेली.

म्हणून पहिली गोष्ट मला आज कळते ती ही, की नोकरी ही कलेची वैरीण नाही, आणि "हे नुसतं पोटासाठी" म्हणून तिच्याकडे पाठ फिरवून बसायचाही कुणाला अधिकार नाही. त्या टेबलापलीकडे कुणीतरी उभं असतं. अवधूतांनी जे चोवीस गुरू केले त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका रंगला होता की राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळलं नाही. बाण करणं हा त्याचा पोटाचाच धंदा होता. तरी दत्तप्रभूंनी त्याला गुरू केलं. मी तोंडाने त्याचं नाव घेत होतो, पण बाण हातात असताना माझं लक्ष स्वारीच्या वाजंत्रीकडे होतं.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने दोन्ही सांभाळणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. मालगुंडचे केशवसुत १८६६ साली जन्मले आणि १९०५ साली गेले. जेमतेम एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य, त्यात पोटासाठी मास्तरकी केली आणि मराठी कवितेला नवं वळण दिलं. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे सुरुवातीला आपल्या रत्नागिरीच्याच सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, पुढे मुंबईला हायकोर्टात वकिली केली. पक्षकार, कज्जे, तारखा सांभाळत त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीच्या सुमाराला. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. आणि नामांकितच कशाला? आपल्या वाडीवाडीतले नमन-खेळे करणारे दिवसा नांगर धरतात, चिरे वाहतात. खाली सिंधुदुर्गात दशावतारी नटाबद्दल म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. बोजा आहे म्हणून राजा व्हायचं थांबत नाही, आणि राजा झालो म्हणून बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही, असा त्या म्हणीचा अर्थ मी घेतो.

पण बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर जातो, आणि आपल्याला तो दिसतही नाही. इथे मला देवगिरीची दुसरी कथा आठवते.

स्वामी ध्यानात बसलेले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूची समाधी मोडू नये म्हणून नाथांनी त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, शस्त्र घेतलं, घोड्यावर बसून शत्रूला परतवून लावलं, आणि चिलखत पुन्हा होतं तिथे ठेवून दिलं. ही कथा आपण गुरुभक्तीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या गुरुवारनंतर मला तीत आणखी एक गोष्ट दिसायला लागली. एक जण ध्यानात बसतो तेव्हा त्याचं चिलखत दुसऱ्या कुणाला तरी घालावं लागतं. किल्ला काही आपोआप राखला जात नाही.

मी पेटीवर बसायचो तेव्हा माझं चिलखत कोण घालत होतं?

आमची मुलगी चार वर्षांची असताना आषाढातल्या एका रात्री तापाने फणफणली. मी तालमीला गेलो होतो. तेव्हा घरात फोन नव्हता. हिने पोरीला खांद्यावर घेतलं, वर इरलं धरलं, आणि त्या पावसात चालत डॉक्टरांचं घर गाठलं. मी साडेअकराला गुणगुणत आलो तेव्हा पोर झोपली होती आणि ही चुलीपाशी ओले कपडे वाळवत होती. "जेवण झाकून ठेवलंय," एवढंच म्हणाली. मी जेवलो. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं.

ते ऋण फेडता येण्यासारखं नाही. ती रात्र मी परत आणू शकत नाही. पण ज्याचं देणं आहे त्याचं नाव तरी वहीत लिहिलेलं असावं, एवढं हिशेबाचं खातं मला शिकवून गेलं आहे. नाथांनी जन्मभर आपल्या रचनांत स्वतःच्या नावाबरोबर गुरूचं नाव घातलं. आम्हाला पदाची चाल बसली की कार्यक्रमपत्रिकेवर नाव आमचं एकट्याचं.

या सप्ताहानंतर एके दिवशी मी धीर करून तिला विचारलं, "तुला काही करायचं होतं का गं?" अडुसष्टाव्या वर्षी विचारलं! ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला पेटी शिकायची होती. तुम्ही ऑफिसला गेलात की रोज मी ती पुसायची. एकदा भाता उघडून बोट ठेवलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, आज हे घरी आहेत वाटतं? मग पुन्हा नाही ठेवलं."

अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक कुमारिकाही आहे. घरी पाहुणे आले, ती एकटीच घरात. भात कांडायला बसली तर हातातली कांकणं वाजायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने एकेक कांकण उतरवलं, आणि हातात एकेकच ठेवलं. यातून अवधूतांनी एकांत घेतला. तो उपदेश थोर आहे, त्याबद्दल बोलायची माझी पायरी नाही. मात्र माझ्यासारख्या संसारी माणसाने त्या कथेत पाहुण्यांच्या बाजूलाही थोडं बसून बघावं. बाहेर आपण निवांत बसलो होतो, कारण आत कुणीतरी कांकणं उतरवून कांडत होतं.

मग काय, कला सोडून द्यायची? माणूस संसारात पडला की पेटी-तबला माळ्यावर टाकायचा? माझं मन तसं म्हणत नाही. नाथ हिशेबाच्या वहीतच राहिले असते तर एकनाथी भागवत कुठून आलं असतं? ज्या अकराव्या स्कंधात हा बाण करणारा आणि ही कुमारिका भेटते, त्यावरच नाथांनी अठरा हजारांवर ओव्यांची टीका लिहिली, आणि ती गृहस्थाश्रमात राहून लिहिली. आपण दर गुरुवारी म्हणतो ती दत्ताची आरतीसुद्धा नाथांचीच. ज्याला देवाने काही दिलं आहे त्याने ते दाबून टाकलं तर तो घरात चिडचिडा होतो, ऑफिसात आंबट होतो. असे लोक मी टेबलाशेजारी पाहिले आहेत. दाबलेल्या आवडीचा त्रासही शेवटी घरालाच होतो.

मग मी पुतण्याला पुन्हा घरी बोलावलं आणि आधीचं सगळं रद्द करून नवं सांगितलं. म्हटलं, बाबा रे, एक तर बँकेतल्या वेळात तबला मनातसुद्धा वाजवू नकोस, समोरच्या माणसाचा पैसा आहे. दुसरं, स्वामींसारखा एक वार आणि एक वेळ ठरव, आणि ती घरात सगळ्यांना माहीत असू दे. मिळेल तेव्हा ओरबाडलेला वेळ दुसऱ्याचाच असतो. आणि तिसरं, ती वेळ ठरवण्याआधी बायकोला विचार, की तुझी वेळ कुठली? तिच्या वेळी चिलखत तू घालायचंस. पोरांचा अभ्यास, कुकर, दूधवाला, सगळं. त्या तासात तिने गाणं म्हटलं काय, शिवण केलं काय, किंवा नुसती पडून राहिली काय, तुला विचारायचा हक्क नाही.

तो म्हणाला, "काका, मग माझे निम्मेच तास उरतील."

मी म्हटलं, "निम्मे तुझेच होते. बाकीचे मी पण वापरले होते, माझेच समजून."

आता आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा, पेटी तिची. तिची बोटं सांध्यांनी आखडलेली आहेत, भाता धरताना दमते. पहिले तीन महिने सा रे ग म झालं. मी शिकवायला बसलो तर दोनच दिवसांत म्हणाली, "तुम्ही फार बोलता," आणि देवळातल्या एका मुलीकडून शिकायला लागली. त्या तासात मी स्वयंपाकघरात असतो. भाकरी अजून गोल होत नाही. शेजारच्या काकू आता नाहीत, पण त्यांच्या सुनेने परवा विचारलं, "काका वाजवतायत का?" मी पीठाच्या हातांनी दारात गेलो आणि सांगितलं, "नाही, ती वाजवतेय."

या गुरुवारी घरच्या देवापुढे तिने आरतीला साथ केली. दोन ठिकाणी चुकली, एका ठिकाणी थांबली आणि पुन्हा धरली. मी टाळ वाजवत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आरतीत माझं लक्ष चालीकडे नव्हतं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥